पिवळी कॅप्सूल

ही गोष्ट मी सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलेली नाही. देवापुढे दिवा लावताना मनातल्या मनातही उच्चारलेली नाही — तिथे मी 'सगळ्यांना सुखी ठेव' म्हणते आणि सुटते, म्हणजे नेमकं काही बोलावं लागत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. गेले तीन दिवस कागद घेऊन बसते आणि दर वेळी उठून भाजी निवडते. आता घरात निवडायला भाजीच उरली नाही.

माझं नाव मंगल. वय बासष्ट. लग्न केलं नाही — त्यात काही लपवण्यासारखं नाही, नुसतं जमलं नाही. आमचे आजोबा परभणीकडून हैदराबादेत नोकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. मी चिक्कडपल्लीत वाढले. शाळा तेलुगू नि इंग्रजीत, गल्लीत दखनी, घरात मराठी. त्यामुळे मराठी बोलायला माझं तोंड कुणाला हार जायचं नाही, पण वाचायला बसले की अक्षराला अक्षर लावत बसायची. लिहायला तर या पाच-सहा वर्षांतच शिकले. कुणी शिकवलं, ते येईलच पुढे. तेच तर सांगायचं आहे.

शहराबाहेर एक कंपनी आहे, झाडपाल्याचे अर्क काढणारी. तिच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. हळद, मेथी, अश्वगंधा — सगळ्याचा अर्क काढायचा, तपासायचा, रंग जुळतो का बघायचा. शेवटच्या काही वर्षांत तिथे हॉप्स यायला लागलं. परदेशातून दाबून घट्ट केलेल्या गठ्ठ्यांमधून येणारी अंगठ्याएवढी हिरवट फुलं, पापुद्र्यांवर पापुद्रे. बिअरला जो कडवटपणा असतो तो याच फुलांचा. गठ्ठा फोडला की अख्ख्या लॅबला वास. कंपनीच्या बसमध्ये तेव्हा माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, माझ्या केसांनाच तो वास लागलेला असायचा.

त्या पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते आणि तिच्यात एक द्रव्य असतं — झँथोह्यूमॉल. नाव असलं विचित्र की आमच्या बसच्या ड्रायव्हरने त्याचं सरळ 'जंतर' करून टाकलं होतं. सूज उतरवतं, साखरेवर चांगला परिणाम करतं, चरबीवर करतं, असं दिसत होतं. पण दिसत होतं कुठे? काचेच्या बशीत. उंदरांत. माणसांच्या बाबतीत पक्कं असं फार थोडं — पोटात गेलेलं अंगाला फारसं लागतच नाही, हीच मोठी अडचण. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

कंपनीने त्याच्या कॅप्सूल करून पाहिल्या, गिऱ्हाईक लागलं नाही, बंद केल्या. उरलेल्या बाटल्या स्टाफमध्ये वाटल्या. मी रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ आणि पिशवीत चार बाटल्या, एवढं घेऊन घरी आले.

आणि मग काय? मग सकाळ. नोकरीत सकाळ कशी असते — धावपळ, डबा, बस. रिटायर झाल्यावर ती सकाळ संपता संपत नाही. दूधवाला येऊन गेला की दाराची कडी पुन्हा वाजायची नाही. एकदा तर गॅसचा नंबर लावायला फोन केला आणि त्या मुलीशी मी विनाकारण दहा मिनिटं बोलले. तिने शेवटी विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का, अम्मा? काय सांगायचं तिला?

आमच्याच बिल्डिंगमध्ये एक मजला खाली विमलताई राहायच्या. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. इथल्याच एका मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलेलं, यजमान वारलेले, मुलगा पुण्यात. जिन्यात भेट व्हायची, संक्रांतीला तिळगूळ व्हायचा, तेवढंच. एक दिवस जिन्यातच त्या दम खात बसल्या होत्या. साखर वाढली आहे म्हणाल्या, डॉक्टरने गोळ्या वाढवल्या आहेत, कंटाळा आला आहे. आणि मी — माझं जरा ज्ञान पाजळायची सवय आहे — त्यांना ते फूल, ती पिवळी भुकटी, सगळं सांगितलं. वर आले, बाटली घेऊन गेले. तेव्हा मी नीट बजावलं होतं, ही तुमच्या औषधाच्या जागी घ्यायची नाही, औषध चालूच ठेवायचं. तेव्हा मी खरं बोलत होते.

बिअरमधलं फूल म्हटल्यावर बाई इतक्या हसल्या! म्हणजे सकाळी सकाळी लावून बसायचं म्हण की, म्हणाल्या. पुढे त्या कॅप्सूलचं नावच 'सकाळची बाटली' पडलं. पण बाटली घरी न्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्या आईचं म्हणणं असायचं की औषधाचा गुण औषधात अर्धा आणि देणाऱ्याच्या हातात अर्धा. "तुझ्या हाताला गुण आहे, मंगल," त्या म्हणाल्या. "मी रोज वर येऊन तुझ्या हातूनच घेईन."

माझ्या हाताला गुण! एकतीस वर्षं त्या हातांनी नळकांडी धुतली, पण असं कुणी म्हटलं नव्हतं.

सकाळी साडेसातला दार वाजायचं. मी तळहातावर कॅप्सूल ठेवायची, त्या डोळे मिटून घ्यायच्या, वर पाणी. मग चहा. आणि चहा झाला की त्या वाचायच्या. मला नीट वाचता येत नाही हे कळल्यावर त्यांच्यातली मास्तरीण अशी काही जागी झाली की विचारू नका. पेपर, मराठी ग्रंथालयातून आणलेले जुने दिवाळी अंक, पाककृतीसुद्धा — मोठ्याने, हातवारे करत. एका बाईची गोष्ट वाचताना त्या स्वतःच रडल्या आणि पान खराब झालं म्हणून स्वतःवरच चिडल्या. मला रोज एक पान शुद्धलेखन. लाल पेन घेऊन तपासायच्या. साठीला आलेल्या बाईच्या वहीवर लाल खुणा, आणि त्या बाईला त्याचा केवढा आनंद! मी आदल्या दिवशी संध्याकाळीच कप पुसून मांडून ठेवायची. दोन कप.

चार बाटल्या आठ महिने पुरल्या. शेवटची कॅप्सूल त्यांच्या हातावर ठेवली तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? ताईंचं औषध संपलं, असं नाही आलं. माझी सकाळ संपली, असं आलं.

कंपनीतल्या ओळखीच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, मॅडम, तो माल केव्हाच बंद झाला. बस, एवढंच सांगायचं होतं ना विमलताईंना? संपल्या, आता मिळत नाहीत, पण तुम्ही चहाला येत जा. त्या आल्या नसत्या का? आल्या असत्या. आज मला ते स्वच्छ दिसतं. पण तेव्हा वाटलं, कामाशिवाय कोण कुणाकडे येतं? माझ्याकडे तर आजवर कुणी आलं नव्हतं.

घरात रिकाम्या कॅप्सूलचा एक डबा होता, लॅबमधून कधीतरी आणलेला. स्वयंपाकघरात हळद होती. नुसती हळद फार गडद दिसली. मग तांदळाची पिठी मिसळली, थोडी हळद, आणखी थोडी पिठी. तिसऱ्या खेपेला रंग जुळला. हातमोजे घातले होते मी. काडीने भुकटी दाबली, टोपणं बसवली, फडक्याने एकेक पुसली. आणि सवयीने — हे लिहितानाही मला लाज वाटते आहे — जुन्या बाटलीवर चिकटपट्टी लावून बॅच नंबर टाकला. एक.

दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यांनी डोळे मिटून हळद गिळली आणि पेपर उघडला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हळदच ना, बाई? विष तर नाही दिलं? मीही स्वतःला असंच समजावत होते. हळद तर रोज भाजीत पडते. एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती एक थाप झाली असती. एखाद दिवशी हसत हसत कबूलही केली असती आणि विमलताईंनी माझा कान धरला असता.

तिसऱ्या का चौथ्या बॅचच्या सुमाराला त्या आनंदाने सांगत आल्या, साखर उतरली. उतरली असेलही, त्या तेव्हा रोज संध्याकाळी चालायला जायच्या, गोड सोडलं होतं. पण श्रेय गेलं माझ्या हाताला. काही दिवसांनी म्हणाल्या, डॉक्टरची गोळी आता अर्धीच घेते. मी चहा गाळत होते. डॉक्टरांना एकदा विचारा ना, असं मी म्हटलं. म्हटलं, हे खरं आहे. पण किती हळू म्हटलं, ते माझं मलाच माहीत. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, मी वळून पाहिलं नाही.

मग ती अर्धीही सुटली. मग बोटाला सुई टोचून साखर बघणंही सुटलं — कशाला उगीच रक्त काढायचं, बरं वाटतंय ना? मी लॅबची बाई. तपासल्याशिवाय एक पोतं पुढे जाऊ द्यायची नाही, असला माझा दरारा होता. आणि माझ्यासमोर बसून एक बाई सांगते आहे की मी औषध बंद केलं, कारण तुझी कॅप्सूल आहे — आणि मला ठाऊक आहे की त्या कॅप्सूलमध्ये माझ्या डब्यातली हळद आहे. मी काय केलं? बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

एक वाक्य पुरलं असतं. 'ताई, त्यात काही नाही.' किती शब्द झाले? ते शब्द मी दोन वर्षं रोज सकाळी तोंडापर्यंत आणले आणि चहाबरोबर गिळले. कारण ते बोलले की त्या उठून खाली जाणार. त्या जाणार आणि मी राहणार, तो दुसरा कप घेऊन. भ्याड म्हणा, आपमतलबी म्हणा, मला दोन्ही मान्य आहे.

सतरावी बॅच चालू असताना त्या भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला गेल्या. पंधरा दिवस. मी पंधरा कॅप्सूल डबीत घालून दिल्या. गडबडीत ती डबी त्यांच्या टेबलावरच राहिली.

परत आल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी पेपर वाचत होत्या, मध्येच थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाचायला लागल्या, पुन्हा थांबल्या. म्हणाल्या, मंगल, या ओळी वाकड्या का छापल्या आहेत? मी पाहिलं. ओळी सरळ होत्या. मग म्हणाल्या, डोळ्यापुढे काळे दोरे लोंबतात, झटकले तरी जात नाहीत.

हिमायतनगरला डोळ्यांच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. डोळ्यात थेंब घालून तासभर बाकावर बसवलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, शांतपणे बोलली. डोळ्याच्या आत रक्त उतरलं आहे. साखर भयंकर वाढली आहे, आणि ती आजकालची नाही, बरेच महिने अशीच असणार. औषध चालू होतं का? विमलताई म्हणाल्या, "मीच बंद केलं होतं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शेजारीच उभी होते, त्यांची पर्स धरून.

बाहेर आलो. रिक्षा मिळेना. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता, कारण पायरी दिसत नव्हती. आता जे सांगणार आहे, त्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं. हळदीचं मी कुणालाही सांगू शकले असते. गोळ्या सुटल्या तेव्हा गप्प बसले, तेही कदाचित सांगू शकले असते. हे नाही.

त्या म्हणाल्या, "माझीच चूक गं, मंगल. ते पंधरा दिवस तुझ्या औषधाचा खाडा झाला ना, त्यानेच झालं हे."

समोर रस्ता वाहत होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पण त्यांना माझं तोंड नीट दिसत नव्हतं. याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. आणि मी म्हटलं, "हो ताई. खाडा करायला नको होता."

हे मी म्हटलं. आवाज कापला नाही. उलट जरा रागावल्यासारखाच होता, डबी विसरणाऱ्या माणसावर रागावावं तसा.

त्यांनी मान डोलावली. घरी येईपर्यंत त्या स्वतःलाच बोल लावत होत्या — विसरभोळी मेली मी, टेबलावरच राहिली डबी, समोर होती. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. तोच हात.

पुढचं थोडक्यात सांगते. पुण्याहून मुलगा आला. आईवर चिडला, डॉक्टरांवर चिडला, मला मात्र म्हणाला, मावशी, तुम्ही होतात म्हणून बरं. एक डोळा गेला, दुसऱ्याने उजेड नि माणसांच्या आकृत्या तेवढ्या दिसतात. आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे, साखर ताब्यात आहे, पण गेलेलं काही परत येत नाही. मुलगा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन निघाला, तेव्हा नामपल्ली स्टेशनवर गाडीत बसवायला मी गेले होते. खिडकीतून त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, बाटली दिलीस ना बरोबर? मी म्हटलं, कंपनीने बनवायचं बंद केलं, ताई. ते खरं होतं, दोन वर्षं जुनं खरं. त्या म्हणाल्या, बघ, माझं नशीबच असलं.

घरी येऊन मी सतराव्या बॅचच्या उरलेल्या कॅप्सूल फोडून ओट्यावर रिकाम्या केल्या. मूठभर हळद निघाली. ती मी टाकली की भाजीला वापरली, आता आठवत नाही. ओट्यावर पिवळा डाग आहे, तो घासून जात नाही.

आता सकाळी साडेसातला दार वाजत नाही, फोन वाजतो. त्या म्हणतात, वाच. आणि मी त्यांना वाचून दाखवते — ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्यांनाच. अडखळले की त्या तिकडून शब्द सांगतात, हसतात, शाब्बास म्हणतात. कधी म्हणतात, मंगल, तू आहेस म्हणून माझा दिवस सुरू होतो. मला जे हवं होतं ते मिळालं आहे, बघा. आता माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी नवीनच टूम काढली. रोज दुसऱ्यांचं काय वाचतेस, म्हणाल्या, स्वतःचं काहीतरी लिही, मनातलं, आणि मला वाचून दाखव. माझ्या विद्यार्थिनीने लिहिलेलं एकदा ऐकायचं आहे मला. म्हणून कागद घेऊन बसले होते. बसले, तर हे आलं. या पानांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. लाल पेन आता कोण फिरवणार?

हे सगळं काल संध्याकाळी लिहून झालं होतं. आज सकाळी फोन आला. पानं पुढ्यातच होती, वर चष्मा ठेवलेला. त्यांनी विचारलं, "लिहिलंस का गं काही?"

मी म्हटलं, "नाही ताई. काही सुचलंच नाही." आणि पेपर उघडून हवामानाची बातमी वाचायला घेतली.